मदत हवी आहे: अंगणातली ब्लूबेरी पिवळी पडतेय, जंगलातली मात्र मजेत आहे (फिनलंड)

नमस्कार मंडळी,

फिनलंडात किंवा त्या बाजूला राहणारे आणि मातीत हात घालणारे कोणी इथे असतील तर जरा मदत करा. आम्ही ओउलूच्या थोडं बाहेर एक जुनं घर घेतलंय, मागे छोटं आवार, कडेला पाइनची काही झाडं आणि त्यांच्या पलीकडे लगेच जंगलच सुरू होतं. त्या जंगलात शिरलं की पायाखाली नुसती मुस्तिक्का, म्हणजे इथली रानातली बुटकी ब्लूबेरी, तिला ना कोणी पाणी घालत ना खत, आणि माझ्या अंगणात नर्सरीतून आणून लावलेल्या पेन्सासमुस्तिक्का, म्हणजे बागेतली ब्लूबेरी, जात नॉर्थब्लू, त्या मात्र रडतायत.

लक्षणं सांगते. शेंड्याकडची नवीन पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच, त्यामुळे पानावर हिरवी जाळी काढल्यासारखी दिसते. खालची जुनी पानं बरी आहेत. गेल्या वर्षी लावली तेव्हा जेवढी उंची होती जवळपास तेवढीच आज आहे. बेरी मूठभरही नाहीत. लॉनच्या कडेला खड्डा करून, पिशवीत मिळते ती बागेची साधी काळी माती घालून लावली आहेत, ऊन दुपारपर्यंत छान येतं, पाणी नियमित देते, कीड वगैरे काही दिसत नाही.

शेजारचे आजोबा म्हणतात सौनाच्या शेगडीतली राख टाक, त्यांच्या कोबीला आणि करंटच्या (लाल-काळ्या बेरींच्या) झुडपांना ती भारी लागू पडते. मोठ्या उत्साहाने डबा भरून राख दारात आणून ठेवली आहे त्यांनी, त्यामुळे लवकर काहीतरी ठरवायला हवं, नाहीतर ते स्वतःच येऊन टाकतील :) टाकू का?

दुसरं म्हणजे नवऱ्याचं म्हणणं, एवढा आटापिटा कशाला, जंगलातूनच मुस्तिक्काची चार रोपं मुळासकट आणून लावू. इथे कोणीही कुठेही बेरी तोडतं, मग रोपं आणली तरी चालत असेल ना?

आणि तिसरं, हे जास्त महत्त्वाचं. मागच्या आठवड्यात आम्ही फिरत फिरत दलदलीच्या कडेपर्यंत गेलो, तिथे निळ्या बेरी होत्या, दिसायला मुस्तिक्कासारख्याच पण झुडूप जरा उंच, लेकीने तोडल्या आणि खाल्ल्यासुद्धा, नंतर एक फोडून बघितली तर आत पांढरट! तिला काही झालं नाही, पण माझी झोप उडाली ना. ते काय असावं? आणि आता महिनाभरात लाल बेरींचा सीझन येईल तेव्हा काय बघून तोडायचं ते पण सांगा. ॲपवर फोटो टाकला की ते दर वेळी वेगळंच नाव सांगतं, त्यावर माझा भरवसा नाही.

फोटो रात्री टाकते. जाणकारांनी प्लीज प्रकाश टाका.

प्रतिसाद १

राख टाकू नका!! आजोबांना चहा पाजा, डबा कोबीला द्या.

सविस्तर नंतर लिहितो, आधी एवढं सांगा की मातीचा पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकी माती आंबट) मोजलाय का, आणि लॉनला कोणी चुना घालतं का?

धागाकर्ती

पीएच नाही मोजला, किट आणते. चुन्याचं म्हणाल तर आधीचे मालक लॉनमध्ये मॉस वाढतं म्हणून दर वसंतात काल्क्की, म्हणजे चुनाच, घालायचे असं शेजारी म्हणाले. गॅरेजमध्ये अर्धी पोती अजून पडलेली आहेत.

प्रतिसाद १

मग पीएच मोजायच्या आधीच निम्मं उत्तर मिळालं की.

ब्लूबेरीला आंबट माती लागते, पीएच साधारण ४.५ ते ५. तुमच्या चुना खाल्लेल्या लॉनच्या कडेला तो ६.५ किंवा ७ सुद्धा निघेल. तुम्ही जे लिहिलंय, नवीन पान पिवळं आणि शीर हिरवी, ते लोह कमी पडल्याचं लक्षण, आणि गंमत अशी की मातीत लोह असतंच, पण पीएच चढला की ते मुळांना उचलता येईल अशा रूपात राहत नाही. म्हणून वरून कितीही खत ओता, उपाशी ते उपाशीच. नत्र कमी पडलं असतं तर आधी जुनी पानं पिवळी पडली असती, तुमची जुनी बरी आहेत. राख काय करते, तर चुन्याचंच काम करते, पीएच आणखी वर नेते. कोबीला ते आवडतं, करंटलाही चालतं. ब्लूबेरीच्या मात्र ते मुळावर येतं.

आता करायचं काय. आहे त्या मातीत गंधक मिसळून पीएच उतरवता येतो हे खरं, पण ते काम मातीतले जिवाणू करतात, त्यांना ऊब लागते, आणि तुमच्याकडे माती ऊबदार असते किती दिवस? वर चुना भरपूर असेल तर गंधक त्याच्याशी झगडण्यातच संपतं. त्यापेक्षा मातीच बदला. चांगला मीटरभर रुंद आणि ४०-५० सेंटीमीटर खोल खड्डा, त्यातली माती सगळी बाहेर, आणि आत बिनचुन्याचं पीट, म्हणजे दलदलीतला अर्धवट कुजलेला पाचोळा, त्यात पाइनच्या सालीचा चुरा आणि थोडी जाड वाळू. पीटच्या पिशवीवर काल्कित्सेमातोन, म्हणजे बिनचुन्याचं, असं लिहिलेलं बघून घ्या, कारण बऱ्याच पिशव्यांत चुना आधीच मिसळलेला असतो आणि मग सगळी मेहनत पाण्यात. ऱ्होडोडेंड्रॉनसाठी (हेही आंबट मातीतलं फुलझाड) म्हणून जी माती मिळते तीही चालते. खोल खणण्यापेक्षा रुंद खणा, ब्लूबेरीची मुळं उथळ असतात आणि केसासारखी बारीक, त्यांना मूळरोम नसतात, मुळांत राहणाऱ्या एका बुरशीच्या जिवावर ती मातीतून अन्न घेतात. ही बुरशी आंबट, पानापाचोळ्याच्या मातीतलीच. तुमच्या जंगलात हे सगळं आयतं आहे म्हणून तिथे तुम्हाला कोणी पाणी घालताना दिसत नाही.

आपल्याकडची कपाशीची काळी माती ब्लूबेरीला चालत नाही एवढं लक्षात ठेवलं की झालं.

प्रतिसाद २

वरच्या प्रतिसादाला +१. थोडी भर घालते.

सगळ्यात सोपं म्हणजे लॉनमध्ये खणूच नका, उंच चौकट करून त्यात हीच भर घाला, म्हणजे बाजूच्या चुनखडी मातीतलं पाणी आत झिरपत नाही. मात्र चौकट थंडीत लवकर गोठते, म्हणून ती बुटकी ठेवा आणि बर्फ साचेल अशी जागा निवडा. वरून पाइनच्या सालीचं नाहीतर सुयांचं जाड आच्छादन द्या. पाणी शक्यतो पावसाचं, पागोळीखाली पिंप ठेवून.

कॉफीचा चोथा घाला असं कोणीतरी हमखास सांगेल (फिनलंडात घरोघरी तो ढिगाने निघतो). घाला हवं तर, पण त्याने माती आंबट होईल या आशेवर राहू नका, कॉफीतला आंबटपणा बराचसा तुमच्या कपात उतरलेला असतो, उरलेला चोथा जवळपास न्यूट्रलच. व्हिनेगरचं पाणी तर नकोच, दोन दिवसांचा खेळ आणि मुळांना त्रास.

आणि जात बदलायची गरज नाही. नॉर्थब्लू ही अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १९८३ साली आणलेली जात, मुद्दाम कडक थंडीसाठी तयार केलेली, उंच ब्लूबेरी आणि तिकडचीच रानटी बुटकी ब्लूबेरी (मुस्तिक्का नव्हे) यांचा संकर. झुडूप बुटकं राहतं आणि बर्फाखाली झाकलं जातं, तेच त्याचं पांघरूण. बर्फ नसताना उणे २५ चा वारा लागला तर वरच्या काड्या जळतात, बर्फाखालच्या कळ्या वाचतात. म्हणून जानेवारीत वाटेवरचा बर्फ काढाल तो त्यांच्यावर हलकेच टाका, मीठ मारलेला सोडून.

धागाकर्ती

किट आणून मोजला, रंग ७ च्या आसपास आला. झालं. काका (काकाच ना? लिहिण्यावरून वाटलं), तुमचं निदान बरोबर.

मग आता ऑगस्टमध्येच हलवू का वसंतापर्यंत थांबू? आणि तोपर्यंत थोडं खत देऊ?

प्रतिसाद १

काकाच :)

खत आता अजिबात नको. जुलैच्या सुरुवातीनंतर नत्र दिलं की झुडूप नवी कोवळी फूट काढत बसतं आणि ती फूट लाकूड व्हायच्या आत थंडी येते. पुढच्या वर्षी वसंतात द्या, अमोनियमच्या रूपातलं, ऱ्होडोडेंड्रॉनचं खत म्हणून मिळतं तेच. ब्लूबेरी नायट्रेट नीट घेत नाही.

हलवायचं म्हणाल तर मी आत्ता ऑगस्टअखेरीस हलवेन. माती अजून उबदार आहे, मुळं थोडी रुजतील.

प्रतिसाद २

इथे माझं मत वेगळं. दक्षिणेत, हेलसिंकीकडे असता तर आत्ता चाललं असतं, ओउलूला जमीन लवकर गार होते आणि आधीच अशक्त झालेलं झुडूप उपटून हिवाळ्याच्या तोंडावर द्यायचं मला पटत नाही. आत्ता खड्डा किंवा चौकट तयार करून ठेवा, पीट कोरडं असेल तर ते पाणी पीतच नाही, वरून नुसतं ओघळून जातं, त्यामुळे शरदातल्या पावसात ते नीट भिजू दे. बर्फ वितळून जमीन मोकळी झाली की कळ्या फुटायच्या आत हलवा.

आणि अजून एक राहिलं, म्यूरा! बर्फाखालून बोगदे करत येणारे ते उंदीर खोडाची साल गोल कुरतडून ठेवतात, आपल्याला बर्फ गेल्यावर कळतं. खोडाभोवती बारीक जाळीचं नळकांडं करून थोडं जमिनीत रोवा. बर्फाच्या वर जेवढं राहतं ते ससे खातात, त्यामुळे जाळी उंच हवी.

प्रतिसाद ३

ब्लूबेरीत मला गती नाही, पण जंगलातून रोपं आणायच्या प्रश्नावर लिहितो कारण यात खूप जणांची गल्लत होते.

फिनलंडात योकाइसेनओइकेउस म्हणून प्रकार आहे, सगळ्यांचा हक्क. जमीन कोणाचीही असो, रानटी बेरी, मशरूम, रानफुलं तोडायला मालकाची परवानगी लागत नाही, फी नाही, आणि त्यासाठी फिनिश नागरिक असायची गरज नाही. तोडलेल्या रानबेरी विकल्या तर तोडणाऱ्याला त्या कमाईवर आयकरही नाही. पण हक्क फळ तोडण्याचा आहे, जंगल घरी नेण्याचा नाही. मॉस, लायकेन, माती, जिवंत झाडाच्या फांद्या, मुळासकट झुडपं, यातलं काहीही मालकाच्या परवानगीशिवाय उचलता येत नाही. ब्लूबेरीच्या खड्ड्यासाठी जंगलातलं पीट खणून आणू असं नवरोजी आता म्हणतील, तर तेही नाही. कोणाच्या घराच्या आवारात आणि लावलेल्या शेतात शिरायचं नाही. राष्ट्रीय उद्यानांत सहसा बेरी तोडता येतात, कडक संरक्षित क्षेत्रांत मात्र पायवाट सोडायलाच बंदी असते, तिथला फलक वाचा.

प्रतिसाद २

आणि परवानगी मिळाली तरी मुस्तिक्का उपटून लावलेली फारशी जगत नाही. जमिनीखाली तिचे आडवे दांडे लांबवर पसरलेले असतात, आपल्याला जी शंभर रोपं दिसतात ती बऱ्याचदा एकाच झाडाची पिल्लावळ. एक तुकडा उपटून आणला तर मुळं तुटतात, बुरशी तुटते, आणि वर्षानुवर्षं तो नुसता बसून राहतो.

पण तुम्ही पहिल्या पोस्टमध्ये लिहिलंय की आवाराच्या कडेला पाइनची झाडं आहेत. त्यांच्या खाली वाकून बघा बरं. कापलेल्या गवतात बोटभर उंचीच्या हिरव्या, कोनदार काड्या दिसतायत का? असतील तर ती मुस्तिक्काच, दर वेळी लॉनमोवरखाली जाणारी. तेवढ्या पट्ट्यात मोवर फिरवणं बंद करा, चुना तर नाहीच नाही, सुया पडतील त्या पडू देत. दोनतीन वर्षांत आपोआप बेरी धरतील, आणि त्या तुमच्या स्वतःच्या जमिनीवर.

धागाकर्ती

अहो आहेत!! आत्ता जाऊन बघून आले, पाइनच्या मागच्या बाजूला आहेत, आणि चकचकीत छोट्या जाड पानांचं अजून काहीतरी पण आहे. मोवर बंद. नवरा खूश, त्याला गवत कापायचा कंटाळाच आहे.

आता ते पांढऱ्या गराचं कोणीतरी सांगा ना.

प्रतिसाद ४

ते युओलुक्का. खाण्यासारखं आहे, काळजी करू नका. चवीला पाणचट म्हणून लोक फार तोडत नाहीत एवढंच.

फरक असा बघायचा. मुस्तिक्काची काडी हिरवी आणि कडा असलेली, पान तजेलदार हिरवं आणि कडेला बारीक दाते. बोटांत चिरडली की आतून गडद जांभळी, बोटं आणि जीभ रंगते. युओलुक्काची काडी तपकिरी, गोल, लाकडासारखी, पान निळसर हिरवं आणि कडेला दाते नाहीत, गर पांढरट, बोट रंगत नाही. दलदलीत तिच्याशेजारी बऱ्याचदा सुओपुर्सु नावाचं उग्र वासाचं झुडूप असतं, पानं अरुंद आणि खालून तांबूस लवदार, ते विषारी आहे, त्याला हात लावू नका. तिथे फार वेळ वाकून बसलं की डोकं जड होतं असं जुने लोक म्हणतात आणि बिचाऱ्या युओलुक्काचं नाव खराब होतं.

खरी भीती आहे ती सुदेनमार्याची. जमिनीपासून एकच दांडा, त्यावर एकाच पातळीत चार पानं, आणि मधोमध एकुलती एक निळसर काळी बेरी. मुलांना ती मोठी मुस्तिक्का वाटू शकते. लेकीला एवढं शिकवा की मुस्तिक्का नेहमी झुडपावर, पानांच्या बगलेत लटकते, दांड्याच्या टोकावर उभी बसत नाही.

लाल बेरीत पुओलुक्का म्हणजे लिंगनबेरी, ती तुमच्या पाइनखालची चकचकीत पानवाली असणार. पान उलटं करून बघा, खाली बारीक काळे ठिपके दिसले आणि कडा आत वळलेली असली तर पुओलुक्का. ठिपके नाहीत, खालून शिरांची जाळी आहे आणि बेरी फोडल्यावर आत कोरडी पिठूळ निघाली तर ती सिआनपुओलुक्का, विषारी नाही पण बादली भरायच्या लायकीची पण नाही. किएलोच्या, म्हणजे लिली ऑफ द व्हॅलीच्या लाल बेरी विषारी, त्या मोठ्या रुंद पानांच्या मधून निघालेल्या दांड्यावर असतात. आणि नॅसिआ, वसंतात पानांच्या आधी गुलाबी फुलं येतात ते झुडूप, त्याच्या काडीलाच चिकटून लालभडक बेरी लागतात, ती अत्यंत विषारी. बागांमध्ये पण लावतात ते, शेजारीपाजारी बघून ठेवा.

चुकून काही खाल्लं गेलं तर विषबाधा माहिती केंद्राचा नंबर 'मिर्कित्युस्तिएतोकेस्कुस' नावाने फोनमध्ये सेव्ह करा, ०८०० १४७ १११, फोन फुकट आहे आणि रात्रंदिवस उचलतात. त्रास सुरू झाला असेल तर सरळ ११२.

प्रतिसाद ५

धागा हायजॅक करत नाही, पण विषय निघालाच आहे तर, लाक्का म्हणजे क्लाउडबेरी अंगणात लावता येते का? इथे ती बाजारात एवढी महाग की हात लावायची हिंमत होत नाही.

प्रतिसाद ४

हिंमत करू नका, बाजारातच घ्या :) लाक्काला दलदलीचं पीट लागतं, नर-मादी झाडं वेगळी, एका दांड्यावर एकच फूल आणि एकच बेरी, आणि जूनमध्ये फुलं असताना एक रात्र गारठली की त्या वर्षीचं पीक गेलं. म्हणूनच ती महाग. नॉर्वेत फ्येलगुल ही मादी जात आणि अपोल्लेन ही नर जात काढली आहे, फिनलंडची न्यूब्यू नावाची दोन्ही लिंगं एकाच फुलात असलेली जात आहे, पण घरच्या चौकटीत फार तर चार बेरी खाल. रानुआ गावात ऑगस्टच्या सुरुवातीला हिल्लाचा, म्हणजे लाक्काचाच, बाजार भरतो, तिथे जाऊन या. तिची जागा विचारायला मात्र कोणाकडे जाऊ नका, सख्खा भाऊ पण सांगत नाही. २ युरोच्या फिनिश नाण्यावर आहे ती फुकट बघायला मिळते.

कच्ची लाल आणि कडक असते, पिकली की केशरी आणि मऊ होते. इथे उलटं आहे, लाल दिसली म्हणून तोडू नका.

प्रतिसाद ३

अंगणात काहीतरी लावायची हौस असेल तर धागाकर्तीने हुनायामार्या पण बघावी, लांबट निळी बेरी. चुन्याच्या मातीचा तिला एवढा राग नाही, फुलं उणे ७ पर्यंतचा गारठा सोसतात. दोन वेगवेगळ्या जाती शेजारी लावाव्या लागतात. बाहेरून निळी झाली तरी आत हिरवट असेल तर थांबायचं, नाहीतर जाम आंबट लागते आणि लोक उगाच तिला नावं ठेवतात.

धागाकर्ती

मंडळी, किती लिहिलंत, मनापासून धन्यवाद! धागा प्रिंट करून फ्रिजवर लावते.

ठरलंय असं: चौकट आत्ता, झुडपं वसंतात (सॉरी काका, ताईंचं ऐकतेय), राखेचा डबा आजोबांना परत, त्यांना कारण सांगितलं तर म्हणाले मग माझ्या करंटलाच टाकतो. जाळी पण आणणार.

एक शेवटचं विचारते, बेरी तोडायचं ते दातेरी डबडं, पोइमुरी, घ्यावं का? हाताने तोडून पाठ गेली. आणि बेरी टिकवायच्या कशा?

प्रतिसाद २

घ्या. त्याच्याने झुडपाचं नुकसान होतं अशी ओरड असते, पण दाते खालून वर हलकेच फिरवले आणि पिकलेल्या बेरींच्या जागीच वापरलं तर काही होत नाही. ओरबाडू नका. पानं बरोबर येतातच, ती निवडायला ओला टॉवेल उतरत्या फळीवर पसरा आणि वरून बेरी सोडा, पानं टॉवेलला चिकटतात आणि बेरी गडगडत खाली येतात. मुस्तिक्का धुवू नका, कोरडीच फ्रीझ करा. पुओलुक्कात नैसर्गिक बेंझोइक आम्ल असतं, ती नुसती स्वच्छ पाण्यात बुडवून गार ठिकाणी ठेवली तरी महिनोन्महिने टिकते.

फिकट रंगाचे कपडे घाला, पँट मोज्यात खोचा. ऑगस्टपासून हिर्विकॅर्पॅनेन, मूस या मोठ्या हरणावरच्या माश्या, सुरू होतात, अंगावर बसल्या की पंख टाकून केसांत शिरतात. चावल्या नाहीत तरी जीव नको करतात. टोपी विसरू नका.